मेंढीच्या शब्दाची भावकी

२ नोव्हेंबर

जर्मनच्या क्लासच्या हर्षाली मॅडमनी सांगितलंय, रोज जर्मनमधून रोजनिशी लिहा, भाषा अंगात मुरते. लिहिली. आज मी दमले आहे. काल मी दमले होते. उद्या मी दमणार आहे. तिन्ही काळ झाले आणि माझे शब्द संपले. म्हणून ही दुसरी, मराठीतली. हिच्यात कुणी लाल पेन चालवणार नाही.

सकाळपासून दोन बाळंतपणं, एक विंचू, आणि एका सासूचं भांडण की सुनेला आधी मलाच विचारून सलाईन लावा. दवाखान्यातून घरी आले तर चप्पल काढायला वाकायचाही कंटाळा. तशीच पलंगावर पडले. आई म्हणाली, "पाय तरी खाली सोड की गं." संध्याकाळी परत मोबाईलवर पुण्याचा क्लास. रेंज यावी म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसते. जानेवारीत परीक्षा. पास झाले तर तिकडं जर्मनीत म्हाताऱ्या माणसांच्या एका केंद्रात नर्सची नोकरी. इथला कंत्राटाचा कागद दर वर्षी नवा होतो, आणि दर वर्षी नवा होईपर्यंत मी ऑफिसात चकरा मारते. तसलं तिकडं नाही म्हणतात.

आईला सगळं ठाऊक आहे. आबांना मी एवढंच सांगितलंय, की बढतीची परीक्षा आहे. सांगेन. आधी पास तर होऊ दे.

६ नोव्हेंबर

क्लासमध्ये मॅडमनी प्रत्येकाला आपल्या घरच्या कामावर बोलायला सांगितलंय. लातूरची पोरगी कापड दुकानावर बोलणार, बीडचा पोरगा ऊसतोडीवर. मी म्हटलं, आमची मेंढरं. मॅडमना काय आनंद! "वा! शाफ!" म्हणाल्या.

आबा सध्या बालाजीकाकांच्या रानात मेंढरं बसवतात. सोयाबीन निघालं की शेतकरी बोलावतात, रात्रभर मेंढरं बसली की लेंडीखत आपसूक पडतं, बदल्यात आपल्याला धान्य मिळतं. आज मी मेंढरांभोवती जाळी लावायला गेले तेव्हा सांगितलं, "आबा, जर्मनीत मेंढराला शाफ म्हणतात."

"नराला का मादीला?"

"सगळ्याला."

"आन् व्यायच्या मेंढीला?"

मॅडमना मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, मुटरशाफ, म्हणजे आई-मेंढी. आबा हसून हसून खोकायला लागले. "आई-मेंढी! आरं, ह्यांनी मेंढरं पाळली का नुस्ती खाल्ली?"

मला राग आला. मी दिवसभर उभी राहून आलेली, त्यांना चेष्टा सुचतीये. म्हटलं, "तुमीच जाऊन शिकवा मग त्यांना." तर म्हणाले, "जाईन की, भाड्याला पैसे देतीस का?" आणि परत हसले. गुडघा धरून हसत होते. गुडघा सुजलाय. दाखवा म्हटलं की मेंढराच्या पायाचं सांगतात.

१३ नोव्हेंबर

मॅडमना बहुतेक माझी दया आली. त्यांनी एका जुन्या शब्दकोशाची लिंक पाठवली. जर्मनमध्ये व्यायच्या मेंढीला खरंच वेगळा शब्द होता, औए. आता तो कुठं कुठं खेड्यातल्या म्हाताऱ्या लोकांच्याच तोंडी. शहरातल्याला विचारलं तर तो म्हणेल, औए म्हणजे नदीकाठचं गवताळ रान. मॅडम तिकडं राहून आल्या तरी हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

वाचत गेले तर त्याचं केवढं गोत निघालं. इंग्रजीत यू. हॉलंडात ओय. आइसलँडात आइर. सगळ्यांचं मूळ एक, अविझ असं काहीतरी. त्याच्या डोक्यावर चांदणी छापलीये. चांदणीचा अर्थ असा, की हा शब्द कुणी लिहिलेला सापडलेला नाही, लेकरांच्या तोंडावळ्यावरून आईचा चेहरा ठरवलाय. आणि मग त्याखाली बारीक अक्षरात संस्कृत, अवि. मेंढी.

जेवायचं राहिलं. आई म्हणाली, "परीक्षेत हे येणाराय का?" नाही येणार. तरी वाचलं. खूप दिवसांनी काहीतरी कामाचं नसलेलं वाचलं, बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर

रविवार. आज आबांना सगळं सांगितलं. ते जाळीचे खुंट ठोकत होते, आई भाकरी घेऊन आलेली.

आबांचा निकाल लगेच तयार. "म्हंजे आपलाच शब्द. इकडून गेला."

"नाही आबा. इकडून तिकडं नाही गेला आणि तिकडून इकडं नाही आला. दोघांचा आजा एक."

"मग त्या आज्याला कुणी बघितलं?"

"कुणीच नाही. अंदाज आहे."

"मग तुझ्या पंडितांनी मनानं केलं म्हण की."

आईनं मात्र बरोबर पकडलं. तिनं आयुष्यभर भावकीतली लग्नं जमवलीत आणि मोडलीत. ती म्हणाली, "आवं, एका घरातून येगळं निघाल्यालं ते भावकी. दुसऱ्या घरातून आणल्यालं ते सोयरं. पोरगी म्हणतीय, ही भावकी हाय."

मॅडमनी जे अर्धा तास समजावलं ते हेच. मी आईला म्हटलं, मग ती शाफ कोण, ऐक. पंडितांनी लई शोधलं, पण शाफचं मूळ नीट सापडत नाही. ती जर्मनीत, हॉलंडात, इंग्लंडात आहे, पण तिचं माहेर कुठलं ते पक्कं ठाऊक नाही. कुठून तरी आली आणि औएचं घर घेऊन बसली.

"आन् आपल्यात?" आबांनी विचारलं. "आपण कुठं अवि म्हणतो?"

आपल्यातही गेला. मराठीत मेंढीच आली. आबांनी हातातला खुंट खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे दोनी घरी थोरलीला बाहेर काढली." खुंट परत ठोकायला लागले. मी म्हटलं, द्या तो हातोडा इकडं, तर दिला नाही.

२३ नोव्हेंबर

सोमलिंग नावाचे एक गृहस्थ मोटारसायकलवर आले होते. कर्नाटकाच्या हद्दीकडचे, तेही मेंढरंवाले. आबांबरोबर रानात लांबपर्यंत हिंडून आले. चारायला तिकडं रान मोकळं आहे म्हणे, त्याचीच बोलणी असणार. आबांना एवढं लांब जाववणार आहे का? पण कोण सांगणार. मी बोलले की म्हणतात, तू तुझ्या पेशंटला सांग.

ड्यूटी, क्लास, ड्यूटी. कालच्या क्लासमध्ये ऐकता ऐकता झोपले. मॅडम म्हणाल्या, "शिवकन्या, तुमचा कॅमेरा चालू आहे."

३० नोव्हेंबर

आज दवाखान्यात गंमत झाली. बीपीच्या रांगेत द्वारकाबाई होत्या. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, तुमची भावकी जर्मनीत हाय म्हनं. माझ्या नातवाचं बगा की तिकडं."

आबा! रानात जो भेटेल त्याला सांगत सुटलेत, की जर्मनीतली मेंढरंवाली माणसं आपल्याच भावकीतली, शिवकन्येनं शोधून काढलं. आता गावभर झालंय की श्रीमंतच्या, म्हणजे आबांच्या, पोरीला तिकडं नातेवाईक सापडले. कुणी विचारतं देवक कुठलं, कुणी विचारतं जत्रेला येतात का. दुपारी सिस्टरांनी मला चिडवून चिडवून हैराण केलं. मीही हसले.

घरी येताना मात्र हसू गेलं. लोक जर्मनी, जर्मनी करतायत. आबांना कुणीतरी विचारणारच, पोरगी कवा जायलीय म्हणून. मी आधी सांगायला हवं. उद्या सांगते.

३ डिसेंबर

नाही सांगितलं. दोन्ही दिवस सलग ड्यूटी होती, हे कारण. खरं कारण मला माहीत आहे. मला भीती वाटते की ते म्हणतील, नको जाऊ. आणि भीती वाटते की म्हणणार नाहीत.

१९ डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात जेवायचा सण. मेंढरं बालाजीकाकांच्या रानात असल्यामुळं जेवणही त्यांच्याच रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केलेली, आत चुना लावलेल्या दगडांचे पांडव. आंबील, भाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. सगळं गाव घरं सोडून रानात. मी महिन्यानंतर पोटभर जेवले आणि तिथंच बोरीच्या सावलीला कलंडणार, एवढ्यात बालाजीकाका भज्जी वाढता वाढता म्हणाले, "शिवकन्या, जर्मनीला गेल्यावर माझ्या मेव्हण्याच्या परदेशातल्या पोरासारखं करू नगंस बाई. तीन वर्सं झाली, आईच्या दिवसाला सुदिक आला न्हाय. सुट्टीच गावत न्हाय म्हनं."

मी हातातला उंडा खाली ठेवला. आई द्रोणात बघायला लागली. आबांनी आंबिलीचं गाडगं तोंडाला लावलं, सावकाश प्याले, मिशी पुसली. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी परत आंबील मागून घेतली.

मग मेंढरांकडं चालत निघाले तेव्हा मी मागं गेले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "ती तुझी यू. आन् ती ओय. त्यांना एकमेकींचं कळतं का?"

मला कळेना हे आता काय. म्हटलं, "शब्दांना काय कळणार आबा?"

"तसं न्हाय. हॉलंडातला माणूस इंग्लंडात गेला आन् यू म्हणल्यालं ऐकलं, तर त्याला वळखू येतं का?"

"तोंडावळा थोडा ओळखू येत असेल. आइसलँडातला ओळखू येणार नाही, लई बदललाय."

"कितीक दिवसांत बदलतंय असं?"

हजारो वर्षांत, मी सांगितलं. ते म्हणाले, "मग लई येळ हाय अजून." आणि त्यावर दुसरं काही नाही. मी एवढी मनाची तयारी करून गेलेली, रागवतील, रडतील, आणि यांचं आपलं मेंढीच्या शब्दाचंच चाललेलं. मीच शेवटी म्हटलं, "आबा, मी सांगणार होते." तर म्हणाले, "परीक्षा कवा हाय?" म्हटलं, जानेवारीत. "मग हितं काय करायलीस? जा घरी, अभ्यास कर."

म्हणजे त्यांना काही वाटलंच नाही. बरं झालं, असं मी स्वतःला सांगतेय. पण बरं वाटत नाहीये.

२८ डिसेंबर

सोमलिंग परत आले. या वेळी मुक्काम. सकाळी आबांबरोबर मेंढरं सोडायला गेले. आबा त्यांना एकेका मेंढराच्या सवयी सांगत होते. ही पाण्याला मागं राहती, ही दुसरीचं कोकरू पाजती. पाहुण्याला एवढं सांगायची काय गरज? म्हातारपणी बोलायला माणूस लागतं, दुसरं काय. मी घरी असले की माझं डोकं अभ्यासात.

११ जानेवारी

पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आले. येताना बसमध्ये उभं राहून तुळजापूरपर्यंत. तोंडी परीक्षेत मेंढरं नाहीत, काही नाहीत. विषय आला, शहरात सायकली वाढवाव्यात का. मी आयुष्यात सायकलवर बसलेली नाही. बोलले कसंबसं. समोरची बाई हसत होती, म्हणजे एक तर चांगलं बोलले, नाहीतर फारच वाईट.

आबा फाट्यावर न्यायला आले होते. चालत. लंगडत होते. मी ओरडले, "कशाला आलात?" म्हणाले, "हिकडूनच चाललो हुतो." एवढ्या उन्हात तिकडून कुठं चालले होते, देव जाणे.

२६ जानेवारी

पास. आई रडली आणि लगेच म्हणाली, "तिकडल्या म्हाताऱ्यांचं करायला चाललीस." तिला टोमणा मारायचा नव्हता. तिच्या तोंडून आपोआप आलं. पण मला ते दिवसभर लागून राहिलं.

मेंढरांपाशी जाऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, "झालं का? चांगलं झालं." बस्स. पाठ वळवून कोकराच्या खुरातला काटा काढत बसले. खोऱ्यानं पैसा कमावणाऱ्या बापांच्या पोरी पास झाल्या की पेढे वाटतात. मला काट्यामागची पाठ.

३० जानेवारी

जर्मनीतल्या केंद्राची ऑनलाइन मुलाखत ९ फेब्रुवारीला, सोमवारी, असा मॅडमचा निरोप आला. आज दुपारी आबा ओढ्यात घसरले. मला कुणी सांगितलं नाही. बालाजीकाकांच्या पोरानं, हर्षवर्धननं, दवाखान्यात आणलं तेव्हा कळलं. गुडघ्यावर पट्टी मीच बांधली. बांधताना त्यांच्या पोटरीकडं बघितलं, केवढी बारीक झालीये.

ठरलं. नाही जायचं. कोण ओढणार ती जाळी? कोण बघणार यांच्याकडं? कंत्राट तर कंत्राट. रविवारी मॅडमना सांगून टाकते. आईला अजून बोलले नाही. ठरवल्यावर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि थोडं रडूही आलं. दोन्ही एकदम आलं.

१ फेब्रुवारी

आज रानात गेले, आबांना सांगायचं होतं की मी जात नाही. रान मोकळं. जाळी नाही, खुंट नाही, मेंढरं नाहीत. लेंड्या तेवढ्या पडलेल्या. मला आधी वाटलं जागा बदलली. बालाजीकाका मोटर चालू करत होते, म्हणाले, "अगं, आज पहाटं सोमलिंग घिऊन गेला की. तुला म्हाइत न्हाय?"

सगळी. विकली सगळी. आबा त्यांच्याबरोबर चालत गेलेत, पट्टी बांधलेल्या पायानं, कारण मेंढरं परक्या माणसामागं जात नाहीत. विकायचं चाललंय हे आईला दिवाळीपासून ठाऊक होतं. तिनंही तोंड उघडलं नाही.

मला इतका संताप आलाय की अक्षर नीट येत नाही. मी जाणार म्हणून रागानं विकली, दुसरं काय! पोरगी राहत नाही ना, मग मेंढरं तरी कशाला, असंच ना? आजोबांपासूनची मेंढरं. मला एका शब्दानं विचारलं नाही. मी तर थांबणार होते. आता कशासाठी थांबू? मॅडमना फोन केलाच नाही.

५ फेब्रुवारी

आबा आले. एसटीनं आले. काठी आणि घोंगडी, एवढंच. फाट्यावरून कुणीतरी मोटारसायकलवर घेतलं म्हणून बरं.

पाणी दिलं. पट्टी सोडली. पाय आणखी सुजलाय. मी नवी पट्टी शोधायला लागले. ते आपणहून सांगायला लागले. पहिल्या मुक्कामाला मेंढरं सोमलिंगचं ऐकेनात. मग आबांनी सोमलिंगना आपली हाळी, मेंढरं बोलवायची हाक, शिकवली. ती जिभेच्या टोकावरून घालायची हाळी, जिला काही अर्थ नाही, जी आजोबा घालायचे. आबा पुढं घालायचे, सोमलिंग मागं. शेवटच्या दिवशी आबा झाडामागं बसून राहिले, सोमलिंगनं एकट्यानं घातली, आणि मेंढरं त्यांच्यामागं गेली.

"एक बी वळून बघितलं न्हाय," आबा म्हणाले. सांगताना खूश होते! मी चक्रावले.

"तुमाला वाईट वाटत नाही?"

"वळून बघितलं असतं तर सोमलिंगला त्रास झाला असता."

मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, माझ्यावरचा राग मेंढरांवर का काढला? मी जाणार नव्हते. ठरवलं होतं मी. तुम्ही एकदा तरी म्हणायचं, नको जाऊ म्हणून. येळवशीला नाही, निकालाला नाही. एकदा तरी!"

आई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. आबा घोंगडीची घडी घालत होते. ती झाली, परत उलगडली, परत घातली.

"म्हणलो असतो," ते म्हणाले, "तर तू थांबली असतीस."

दारातून आई म्हणाली, "तू जायलीस हे मीच सांगितलं हुतं त्यांना, दिवाळीत." नंतर त्यांनी विचारलं, मुलाखत कवा हाय? सोमवारी, मी म्हटलं. म्हणाले, मग गच्चीवरल्या टाकीपाशी जागा झाडून ठेवतो, तिथं रेंज येती. त्या पायानं जिने चढू नका म्हटलं तर ऐकलं नाही. आता वर झाडू मारल्याचा आवाज येतोय.